गेमिंग लॅपटॉप, आठ महिन्यांनंतर: वाढीव पैसे कुठे वसूल झाले

लॅपटॉप घेऊन आठ महिने झाले. ऑर्डर देताना कॉन्फिगरेशनचं जे पान समोर होतं, त्याचा स्क्रीनशॉट मी जपून ठेवलाय. प्रोसेसर, ग्राफिक्स, रॅम, एसएसडी, डिस्प्ले अशा पाच ठिकाणी पर्याय होते. प्रत्येक ठिकाणी जरासे पैसे वाढवले की वरचा पर्याय मिळत होता, आणि पाचही वरचे धरले तर किंमत जवळजवळ दीडपट होत होती. दोन आठवडे माझं काही केल्या ठरत नव्हतं. वाचायला जे मिळत होतं ते बहुतेक पहिल्या आठवड्यातलं, नव्याची नवलाई सरायच्या आधीचं. म्हणून हे लिहितेय.

मी घेतलेलं मशीन असं: कोअर आय ७-१३६५०एचएक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, ५१२ जीबी एसएसडी. वाढीव पैसे मोजले ते फक्त डिस्प्लेसाठी. ठरवताना प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न लावला: हे नंतर स्क्रू काढून बदलता येईल का? प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या असतात, त्या जन्माच्या. डिस्प्ले बदलता येतो म्हणतात, पण पॅनल, केबल, कनेक्टर जुळवत बसणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. रॅम आणि एसएसडी मात्र स्लॉटमध्ये बसतात. अर्थात तुमच्या मॉडेलमध्ये स्लॉट आहेत का ते आधी बघाच. बारीक, हलक्या लॅपटॉपमध्ये रॅमही बऱ्याचदा बोर्डवरच चिकटलेली असते, आणि तिथे घेतानाच पुरेशी घेण्यावाचून इलाज नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला ग्राफिक्सवर. वरची पायरी ४०७० ची होती आणि तिचा मोह खूप होता. लॅपटॉपच्या ४०६० मध्ये ३०७२ कुडा कोअर (चित्राचा हिशोब करणारे छोटे घटक) आहेत, ४०७० मध्ये ४६०८. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण कार्डाची स्वतःची मेमरी (रॅमपेक्षा वेगळी) दोन्हींची ८ जीबीच, आणि त्या मेमरीपर्यंतची वाट, म्हणजे बसही दोन्हींचा १२८ बिटचा. डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी असतात. नाव तेच असलं तरी लॅपटॉपमधलं कार्ड वेगळं आहे. या मालिकेत १२ जीबी हवे असतील तर थेट ४०८० वर जावं लागतं. पुढच्या मालिकेतही तोच प्रकार आहे: लॅपटॉपच्या ५०६० ला आणि ५०७० ला ८ जीबी, १२ जीबी मिळतात ते ५०७० टीआयपासून.

आठ महिन्यांत मला कमतरता जाणवली ती याच मेमरीची. सायबरपंक २०७७ या गेममध्ये टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा तपशील) सगळ्यात वर ठेवून, रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड-सावली) लावून फिरलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं सुरळीत जायची. मग शहराच्या दाट भागात शिरलं की चित्र क्षणभर अडखळायचं. मॉनिटरिंग चालू करून बघितलं तेव्हा चिपमध्ये जोर शिल्लक होता, मेमरी काठोकाठ भरलेली होती. टेक्श्चर एक पायरी खाली आणलं आणि अडखळणं थांबलं. डोळ्यांना फरक जवळजवळ कळला नाही. पण ४०७० घेतला असता तरी याच भिंतीवर आदळले असते, फक्त जास्त पैसे मोजून. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की एकतर ४०६० वर थांबा, नाहीतर बजेट ताणून १२ जीबीपर्यंत जा. मधल्या पायरीवर मी पैसे घालणार नाही.

दुसरी गोष्ट वॉटेजची. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ४०६० लिहितात, पण त्याला वीज किती मिळते ते तपशिलाच्या तळाशी असतं, कधी कधी तिथेही नसतं. या कार्डाची मर्यादा ३५ ते ११५ वॉट अशी उत्पादक ठरवतो, वर डायनॅमिक बूस्टचे (गरजेप्रमाणे प्रोसेसरच्या वाट्यातून कार्डाकडे वळवलेले) २५ धरले तर १४०. एकाच नावाची दोन मशीन इतकी वेगळी चालू शकतात. मी मुद्दाम १४० वॉटचं शोधून घेतलं. प्रत्यक्षात गेममध्ये आकडा शंभरच्या फार वर क्वचितच जातो, कारण ४०६० ला त्यापुढे वीज देऊन फारसं काही पदरात पडत नाही. तेव्हा १४० साठी अडून बसू नका, पण साठ-सत्तर वॉटचं घेताना विचार करा. तिथे मात्र वेग खरोखर कापला जातो.

प्रोसेसरचं लवकर आटपते. वरचा पर्याय आय ९-१३९००एचएक्स, २४ कोअरचा. माझ्यात १४ आहेत. मी जे गेम खेळते त्यात ग्राफिक्स चिप ९७-९८ टक्क्यांवर पळत असते आणि प्रोसेसर निवांत असतो. शिवाय दोघांची उष्णता बऱ्याचदा एकाच कूलिंगमधून बाहेर पडते, म्हणजे जास्त तापणारा प्रोसेसर शेजाऱ्याच्या वाट्याचा गारवाही खातो. व्हिडिओ रेंडर करणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांना ते जास्तीचे कोअर कामाला येतील.

आता डिस्प्ले. मूळ पॅनल फुल एचडी, १४४ हर्ट्झ (चित्र सेकंदाला इतक्या वेळा बदलतं), रंग ४५ टक्के एनटीएससी (रंगांचा आवाका मोजायचं एक माप). हा ४५ चा आकडा दिसला की सावध व्हा. त्या पॅनलवर लाल रंग विटकरी दिसतो आणि चेहरे आजारी माणसासारखे फिके. एसआरजीबी या स्क्रीनसाठी नेहमीच्या मापाने तो साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास येतो. मी २५६० बाय १६००, १६५ हर्ट्झ, शंभर टक्के एसआरजीबीवालं पॅनल घेतलं. आठ महिन्यांत एकही दिवस असा गेला नाही की हे पैसे वाया गेले असं वाटलं. गेम रोज होत नाही, पण स्क्रीनकडे रोज बघतेच. उंची थोडी जास्त असल्यामुळे कामाची फाइल वाचतानाही सतत वर-खाली करावं लागत नाही.

याचीही किंमत आहे, पैशांपलीकडची. फुल एचडीमध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, या पॅनलमध्ये ४१ लाख. म्हणजे त्याच कार्डावर जवळपास दुप्पट ओझं. जड गेम मी डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र काढून ते एआयने मोठं करणारी सोय) क्वालिटीवर ठेवूनच खेळते आणि चित्र छान दिसतं. ज्यांना डीएलएसएस अजिबात नको त्यांनी ४०६० बरोबर हे पॅनल घेऊ नये. २४० हर्ट्झचाही पर्याय होता, तो मी सोडला. ६० हर्ट्झवर एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, १६.७ मिलिसेकंद टिकते, १६५ वर ६.१ आणि २४० वर ४.२. पहिली उडी कुणालाही दिसेल, दुसरी मला तरी दिसत नाही. स्पर्धेत उतरून शूटर खेळणाऱ्यांना दिसत असेल तर त्यांनी जरूर घ्यावी. एमयूएक्स स्विच आहे का हे मात्र सगळ्यांनी बघा. तो नसेल तर ग्राफिक्स कार्डाचं चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समधून फिरून स्क्रीनवर येतं आणि फ्रेम कमी होतात.

रॅम मी नंतर वाढवणार हे पहिल्यापासून ठरलेलं होतं, आणि दुसऱ्याच महिन्यात वाढवली. एकच पट्टी असली की एकच चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधली वाट) चालतो. सरासरी फ्रेमरेट ठीक दिसतो, पण मध्येच आकडा कोसळतो, आणि हाताला जाणवतं ते हे कोसळणंच. १६ जीबीची दुसरी पट्टी आणली, डीडीआर ५ पिढीची, एसओ-डिम्म म्हणजे लॅपटॉपच्या आकाराची. रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर टॉवेल अंथरला, चार्जर काढला, लॅपटॉप पूर्ण बंद केला. खालचे स्क्रू काढून कागदावर जसे होते तसेच मांडले, कारण मागच्या बाजूचे लांब असतात आणि पुढचे आखूड. अदलाबदल झाली तर लांब स्क्रू आतलं काहीतरी फोडू शकतो. झाकण बिजागरीजवळून प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवायला घेतलं. पहिली कडी सुटताना जो टक्‌ असा आवाज होतो, तो ऐकून काहीतरी मोडलंच असं वाटतं. मोडलेलं नसतं. आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, मग पट्टी तिरकी सरकवून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या क्लिपा बसल्या.

बॅटरी परत जोडून, झाकण लावून पॉवरचं बटण दाबलं तर स्क्रीन काळी. कीबोर्डचा दिवा लागला, फॅन फिरला, बाकी काही नाही. एक मिनिट गेलं. मोबाइलचा टॉर्च धरून उभा असलेला धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, गेला वाटतं." माझेही हात गार पडले होते. बटण दाबून बंद करायला बोट नेलं होतं, तेवढ्यात कंपनीचा लोगो उमटला. डीडीआर ५ ची पट्टी बदलली की पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड त्या मेमरीचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेतो, आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे सांगतेय: थांबा, मध्येच बंद करू नका. नव्या पट्टीवर ५६०० हा वेग लिहिलाय, माझ्याकडे ती ४८०० वरच चालते. वेगासाठी जास्त पैसे देण्याआधी आपला प्रोसेसर आणि बोर्ड किती झेपवतो ते बघून घ्या.

फरक पडला का? पडला, आणि सरासरीच्या आकड्यात दिसतो त्यापेक्षा खेळताना जास्त कळला. गर्दीच्या ठिकाणी बसणारे झटके बरेच कमी झाले. ऑर्डर देतानाच ३२ जीबी घेतली असती तर कंपनी याच्या दुपटीहून जास्त मागत होती. पण रॅमचे भाव फार वर-खाली होतात, तेव्हा "रॅम नंतर घ्या" हा सल्ला डोळे मिटून पाळू नका, त्या दिवशीचे दोन्ही भाव समोर ठेवून ठरवा. आणि झाकण उघडल्यावर वॉरंटीचं काय होतं, ते अटींमध्ये वाचून ठेवा.

एसएसडीत एक चूक झाली. ५१२ जीबी म्हणजे विंडोजमध्ये दिसतात ४७६, त्यातले सिस्टीमने घेतलेले वजा करा. बाल्डर्स गेट ३ एकटाच १५० जीबी जागा मागतो. तिसऱ्या महिन्यात एक गेम काढल्याशिवाय दुसरा बसेना. एसएसडीसाठीचा दुसरा एम.२ स्लॉट रिकामा होता, म्हणून १ टीबीची घाईने मागवली, आणि ती निघाली जाड हीटसिंकवाली, म्हणजे उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा लावलेली. झाकण बसेना. परत करून बिनहीटसिंकची घेतली, आठवडा गेला. लॅपटॉपसाठी घेताना नुसती पट्टी घ्या, आणि २२८० (८० मिमी) लांबीची बसते की २२३० (३० मिमी) ची ते स्लॉट बघून ठरवा. जेन ४ (जास्त वेगाची पिढी) घेतली, पण गेम लोड होताना आधीच्या जेन ३ च्या तुलनेत सेकंद-दोन सेकंदांचाच काय तो फरक. त्यापेक्षा टीएलसी आहे की क्यूएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी की चार) हे विचारा. क्यूएलसीची कॅश (वेगवान तात्पुरती जागा) भरली की मोठी फाइल कॉपी होताना वेग अगदीच पडतो. मूळ एसएसडीच बदलणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा आकडा, आधी दुसरीकडे लिहून ठेवा.

बॅटरीवर गेम खेळायचा विचार सोडून द्या, कार्डाला पुरेशी वीजच मिळत नाही. मी चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावून ठेवली आहे, कारण लॅपटॉप बहुतेक वेळ प्लगमध्येच असतो.

कॉन्फिगरेशनच्या पानावर नसलेली, पण रोज अनुभवाला येणारी गोष्ट म्हणजे कूलिंग. परफॉर्मन्स मोडमध्ये फॅनचा आवाज इतका की बंद दाराबाहेर ऐकू जातो. बॅलन्स्ड मोडमध्ये थोड्या फ्रेम जातात आणि घर शांत राहतं. मी त्यातच खेळते. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवली तर तापमान चार-पाच अंशांनी उतरतं. सहाव्या महिन्यात तेच तापमान पुन्हा चढायला लागलं, तेव्हा झाकण उघडलं. फॅन आणि हीटसिंकच्या मधोमध राखाडी धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता, चिमटीत धरून एका तुकड्यात निघाला. पाती बोटाने धरून हवा मारली, कारण मोकळा सोडलेला फॅन त्या हवेने भन्नाट फिरतो आणि बिघडू शकतो. त्याच संध्याकाळी तोच गेम, तीच सेटिंग, आणि तापमान पहिल्या आठवड्यात होतं तिथे परत आलं.