दीक्षित की दिवेकर? आधी घड्याळ बघा

वजन कमी करायला कसं खायचं यावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. नवरा दीक्षित, मी दिवेकर. त्यामुळे 'यातलं कुठलं सुरू करू?' असं विचारणारं कोणी आलं की आमच्या ओट्यापाशीच वाद रंगतो.

दीक्षितांचं गणित सरळ आहे. मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती व्याख्यानं देत गावोगावी पोचवली. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, तेव्हाच जेवायचं, ते 55 मिनिटांत आटपायचं. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा एवढंच. खाल्लं की इन्शुलिन स्रवतं आणि ते चढं असेपर्यंत साठलेली चरबी वापरली जात नाही, म्हणून तोंड दोनदाच उघडा, असा त्यामागचा तर्क. जोडीला 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं.

आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं म्हणणं जवळजवळ उलटं. उठल्यावर चहाआधी केळं किंवा भिजवलेले बदाम, मग दर दोनेक तासांनी थोडं थोडं, आणि रात्रीचं जेवण झोपेच्या दोन तास आधी. तूप, भात, आपल्या मातीतलं अन्न, कशालाच नाही म्हणायचं नाही.

आता खरी गंमत. दोघांची माणसं बारीक होतात. माझ्या मते याचं कारण इन्शुलिनपेक्षा साधं आहे: दोन्हीकडे चहासोबतची बिस्किटं, फरसाण आणि रात्री साडेदहाचं 'काहीतरी गोड' सुटतं. म्हणून कोणाचं शास्त्र बरोबर यावर डोकं फोडण्यापेक्षा आपण कुठे घसरतो ते बघावं.

मी 'थोडं' या शब्दावर घसरले. चार वाजता एक मूठ शेंगदाणे म्हणून डबा उघडायचा आणि फाइल संपेपर्यंत तळ दिसायचा. एक मूठ म्हणजे साधारण 30 ग्रॅम, जवळपास पावणेदोनशे कॅलरी. दोन महिन्यांत वजन दीड किलो वाढलं. आता सकाळीच छोट्या वाट्यांत मोजून भरते, मोठा डबा घरीच राहतो. ज्यांचा हात एकदा सुरू झाला की थांबत नाही त्यांना दीक्षितांचा कडक नियम सोपा जातो. 'आज किती खाऊ?' हा प्रश्नच उरत नाही.

नवऱ्याची अडचण वेगळी, लोक. ऑफिसात संध्याकाळी पाचला कोणाचा तरी वाढदिवस असतोच. एकदा त्याने पेढा कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला आणि रात्री आठला जेवणाच्या सुरुवातीला खाल्ला. नियम पाळला, शर्टावरचा तुपाचा डाग मी काढला. हळदीकुंकू, बारसं, 'घ्या हो एवढंसं' यांच्यात राहणाऱ्या माणसाने दोन वेळांचा पण करताना हे धरून चालावं.

आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईचं काय? आमटीचं मीठ बघायला चाखलं तर तोंड उघडलं म्हणायचं का? सगळ्यांना वाढून शेवटी बसणारीची 55 मिनिटं कधी सुरू होतात? यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. तरी सगळे दोनदाच जेवले तर ओट्यापाशी उभं राहणं कमी होतं, हे मान्य करायला हवं. माझ्या दोन-दोन तासांच्या खाण्यासाठी आदल्या रात्री तयारी लागते.

व्यायामात मी पक्षांतर केलंय. चालायला पैसे लागत नाहीत, शिकवणी लागत नाही, आणि रोज 45 मिनिटं म्हणजे आठवड्याला 315. जागतिक आरोग्य संघटना किमान 150 सांगते. पण चाळिशीनंतर स्नायू घटू लागतात. त्यासाठी दिवेकर वजनं उचलण्याचा आग्रह धरतात तो पटतो. म्हणून रोज चालते आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलते.

एका बाबतीत मात्र आवडनिवड चालणार नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवणांत मोठं अंतर पडल्यावर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांनी डोस बदलून दिल्याशिवाय दोन वेळांचं सुरू करू नका. अठराच्या आतली मुलं, गरोदर बायका, टाइप 1 मधुमेही यांच्यासाठी ती योजना नाहीच. तुमची ड्युटी पाळ्यांची असेल तर ठरलेल्या दोन वेळा दर आठवड्याला कोलमडतात. तिथे माझ्या पक्षात या.

बाकी कोणीही, जे निवडाल ते सुरू करण्याआधी उपाशीपोटीचं इन्शुलिन आणि एचबीएवनसी तपासून घ्या. एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांची साखर दाखवतं, त्यामुळे पंधरा दिवसांनी पुन्हा लॅबमध्ये जाऊन उपयोग नाही. नवऱ्याचं पहिल्यांदा 6.1 होतं, तीन महिन्यांनी 5.8 आलं. तो रिपोर्ट त्याने फ्रिजवर चिकटवलाय, बरोबर माझ्या शेंगदाण्यांच्या वाट्या ठेवते त्या कप्प्याच्या उंचीवर.