मराठी विश्वकोश की मराठी विकिपीडिया?

मुलांच्या प्रकल्पासाठी माहिती शोधायला बसलं की या दोन्ही साइट समोर येतात. विश्वास कशावर ठेवायचा?

विश्वकोशातली नोंद उघडा आणि थेट तळाशी जा. तिथे संदर्भग्रंथांची यादी आणि लिहिणाऱ्याचं आडनाव-नाव सापडतं. म्हणजे शब्दाला कुणीतरी जबाबदार आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईत उभं राहिलेलं हे काम, पहिला खंड १९७६ चा. मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण एखाद्या गावाची नोंद काढली की लोकसंख्येपुढे कंसात १९७१ दिसतं! तो आकडा तेव्हा बरोबर होता, आज वहीत उतरवला तर चूक. नव्या नोंदींसाठी आता ज्ञानमंडळं, म्हणजे विषयवार तज्ज्ञांचे गट आहेत, म्हणून नोंद जुन्या खंडातली की नवी, हे आधी बघावं.

विकिपीडियावर आकडे ताजे मिळतात, पण लिहिणारा कोण हे कळेलच असं नाही. तिथे ‘इतिहास’ टॅब उघडाच. कोणता बदल कधी झाला, कुणी काय खोडलं, सगळं तारखेनिशी दिसतं. छापील पुस्तकात ही सोय नाही. वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ असेल तर ते वाक्य सरळ सोडून द्यावं. आणि तळटीप दिसली म्हणून भागत नाही, ती उघडून वाचावी लागते.

संकल्पना, इतिहास, शास्त्र यांसाठी मी आधी विश्वकोशच उघडते. लोकसंख्या, पदाधिकारी, नवे जिल्हे यांसाठी विकिपीडिया, तेही तळटीपेतून मूळ जनगणनेपर्यंत किंवा सरकारी पानापर्यंत पोचता आलं तरच.