तुझोंग की रोस्लावल? चिनी नौदलाचे दोन टग

टग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बंदरात मोठ्या जहाजाला ढकलणारी छोटी बोट येते, पण चिनी नौदलाचा तुझोंग क्लास बघा, जवळपास 85 मीटर लांब, फुल लोडला 3600 टनाच्या आसपास, इंजिन 9000 हॉर्सपॉवर आणि स्पीड 18 नॉटच्या (तासाला 18 सागरी मैल) वर. 1970 च्या दशकाच्या शेवटी बांधलेले हे टग ओढणं, बचाव, आग विझवणं सगळंच करतात.

रोस्लावल त्यामानाने लहान भाऊ. डिझाईन सोव्हिएत, सुरुवात तिकडून आलेल्या टगनेच झाली, मग चीनने स्वतः बांधले. साधारण 45 मीटर, 670 टन, 1200 हॉर्सपॉवर, स्पीड 12 नॉट. किनाऱ्याजवळच्या कामाला एकदम बरोबर.

खरा फरक खोल समुद्रात कळतो. तिथे दोर ताणून ठेवायचा नसतो, लांब सोडायचा, म्हणजे जाड वायर स्वतःच्या वजनाने मध्ये पाण्यात झोल खाते आणि तो झोल लाटेचा झटका शोषून घेतो, नाहीतर वायर तुटून डेकवरच्या माणसावर येते. त्यासाठी दणकट विंच (वायर सोडायचं-गुंडाळायचं यंत्र) लागतं, आणि बंद पडलेलं जड जहाज वाऱ्यात धरून ठेवायला पॉवर लागते, 1200 मध्ये ते कुठून होणार? म्हणून लांबच्या मोहिमेला माझं मत तुझोंगलाच. पण अरुंद बंदरात 85 मीटरचं धूड वळवत बसण्यापेक्षा रोस्लावल केव्हाही बरा.