एग्री चिल्लग की टोकाईची फुर्मिंट-हार्शलेव्हेल्यू? ताटात काय आहे ते आधी बघा

हंगेरीची पांढरी ब्लेंड (अनेक जातींच्या द्राक्षांची मिश्र) वाइन घ्यायची ठरली की दोन नावांपाशी गाडी अडते: एगरची एग्री चिल्लग आणि टोकाईची ड्राय, म्हणजे गोड नसलेली, फुर्मिंट-हार्शलेव्हेल्यू. दोन्ही हंगेरीच्या ईशान्य भागातल्या, पण जेवणाबरोबर त्यांची वागणूक अगदी वेगळी.

चिल्लग म्हणजे तारा. 2010च्या हंगामापासून ही वाइन या नावाने बनते. नियमानुसार तिच्यात किमान चार जातींची द्राक्षं लागतात. निम्मा किंवा जास्त वाटा कार्पेथियन खोऱ्यातल्या (हंगेरी आणि आजूबाजूच्या प्रदेशातल्या) जातींचा हवा, म्हणजे ओलासरिझ्लिंग, लेआन्का, किरायलेआन्का, हार्शलेव्हेल्यू अशांचा. मस्कटसारख्या सुवासिक जाती 30 टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. हा शेवटचा नियम फार महत्त्वाचा आहे. त्याच्यामुळे फुलांचा वास नाकाला जाणवतो, पण जेवणावर अत्तर शिंपडल्यासारखं होत नाही. क्लासिकुस, सुपीरियर आणि ग्रांड सुपीरियर या तीन पायऱ्यांपैकी रोजच्या जेवणाला क्लासिकुस पुरते. ती वर्ष-दोन वर्षांत संपवावी, ठेवून काही मिळत नाही.

टोकाईच्या ब्लेंडमध्ये नावातल्या दोन द्राक्षांची कामं वाटलेली असतात. फुर्मिंट धारदार आंबटपणा आणि कणा देतं, तर हार्शलेव्हेल्यू गोलाई आणि लिंडेनच्या फुलांचा, मधाचा वास देतं. पुष्कळदा ती ओकच्या पिंपात राहिलेली असते, म्हणून अंगानेही भारी असते.

खरी परीक्षा चिर्केपाप्रिकाश या हंगेरियन कोंबडीच्या रश्श्याच्या ताटावर होते. कांदा, कोंबडी, गोड पाप्रिका (लाल मिरचीची पूड) आणि शेवटी आंबट साय, सोबत नोकेदली, म्हणजे पिठाचे उकडलेले छोटे गोळे. ही पाप्रिका आपल्या बेडगीसारखी: रंग भरपूर, तिखटपणा जवळजवळ नाही. त्यामुळे इथे प्रश्न तिखटाचा नसून सायीचा आहे. साय जिभेवर थर धरते आणि हलक्या वाइनची चव त्याखाली दबते. फुर्मिंटचा आंबटपणा तो थर कापतो, पुढचा घास पुन्हा ताजा लागतो. बाजूला व्हिनेगर घातलेली काकडीची कोशिंबीर असते, आणि गडबड तिथेच होते. आंबट घासानंतर कमी आंबट वाइन पाण्यासारखी सपक लागते. चिल्लग इथे मागे पडते, टोकाई टिकते. हंसाच्या यकृतालाही टोकाईच घ्या.

हालासलेला मात्र उलट. या लालभडक माशाच्या रश्श्यात तिखट पाप्रिका सढळ हाताने पडते. 14 टक्के अल्कोहोलची, पिंपातली वाइन त्यावर घेतली तर घशात जाळ होतो, कारण अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. इथे 12 टक्क्यांच्या आसपासची चिल्लग बरी. तळलेला फोगाश मासा, चीजच्या पोगाच्या (छोटे खारे पाव) किंवा चार जणांच्या चार वेगळ्या डिश असं मिश्र टेबल असेल तरी चिल्लगच. ती कुणाशी भांडत नाही.

तापमानात बहुतेक जण चुकतात. फ्रिजमधून थेट ओतलेली चिल्लग मुकी असते. 15 मिनिटं बाहेर ठेवून 9-10 अंशांवर प्या. त्याहून बरीच गरम झाली तर मस्कटचा वास साबणासारखा वाटू लागतो. टोकाईला अर्धा तास द्या, 11-13 अंशांवर हार्शलेव्हेल्यूचा मध उलगडतो. 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास होतात. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी. चिल्लग दोन दिवस बरी राहते, टोकाई सहसा थोडी जास्त.

लेबल नीट वाचा. साराझ म्हणजे ड्राय, फेलसाराझ किंचित गोडसर, फेलएदेश त्याहून गोड, एदेश पूर्ण गोड. नुसतं ‘टोकाई’ वाचून बाटली उचलणाऱ्याच्या हाती अनेकदा ‘असू’ ही टोकाईची गोड वाइन येते आणि सगळं जेवण बिघडतं. बाटली 500 मिलीची असेल तर दोनदा बघा, गोड टोकाईचं ते नेहमीचं माप.

उन्हाळ्यात चिल्लग क्लासिकुसचा फ्रच्चही, म्हणजे सोडा घातलेली वाइन, करता येतो. एक डेसिलिटर वाइन आणि तेवढाच सोडा म्हणजे किशफ्रच्च, दोन डेसिलिटर वाइनला एक सोडा म्हणजे नाजफ्रच्च. वाइन आधी ओता, सोडा नंतर. पिंपातल्या टोकाईत सोडा घालू नका: आंबटपणा उरतो, अंग जातं.