दारू आणि अपघाताचा धसका, दोहोंवर एकाच वेळी उपचार : बेळगावातील एका केंद्राचा अनुभव

बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दारू सोडवणारी केंद्रे शोधली तर सापडतात. परंतु दारूच्या मागे एखादा भीषण प्रसंग आहे का, हे सुरुवातीलाच विचारणारे केंद्र आम्हाला बराच काळ मिळाले नव्हते. माझे थोरले बंधू पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रक चालवत असत. तवंदी घाटात झालेल्या अपघातात त्यांच्या शेजारी बसलेला तरुण क्लीनर दगावला, आणि त्यानंतर दादांचे पिणे वाढत वाढत सकाळी उठल्याबरोबर हातांची थरथर थांबवण्यासाठी घेण्यापर्यंत गेले. दादांची ओळख उघड होऊ नये म्हणून केंद्राचे नाव देत नाही. तिथली उपचारपद्धती मात्र सविस्तर मांडते, कारण असा रुग्ण घरात असलेल्यांना इतर कोणतेही केंद्र पारखताना तिचा उपयोग होईल.

यापूर्वी त्यांना दुसऱ्या एका निवासी केंद्रात ठेवले होते. तिथे प्रार्थना, व्याख्याने आणि शपथ यांवर भर होता; अपघाताचा विषय निघाला की ‘जुने उगाळू नका, आधी वर्षभर दारूला शिवू नका’ असे सांगून तो मिटवला जाई. दारू बंद झाली, पण स्वप्ने वाढली. ‘दारू सोडल्यावर तर तो ब्रेकचा आवाज जास्तच येतोय की,’ असे दादा आम्हाला भेटीच्या दिवशी सांगत आणि आम्ही ते बहाणा समजत होतो. मद्य स्वप्नांच्या झोपेला दाबून ठेवते आणि ते थांबल्यावर ही झोप उसळून परत येते, तेव्हा दुःस्वप्नांचा जोर काही काळ वाढतो, ही गोष्ट आम्हाला या नव्या केंद्रातील मनोविकारतज्ज्ञांनी पहिल्यांदा समजावून सांगितली.

पहिले काही दिवस अर्थातच शरीर सावरण्यात जातात. रोज पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून नाडी, रक्तदाब आणि घाम यांची नोंद ठेवत औषधाची मात्रा कमी कमी केली गेली आणि सलाईनमधून ग्लुकोज देण्याआधी थायामिनचे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे, इंजेक्शन दिले गेले. रात्रपाळीच्या परिचारिका खरोखर जाग्या असतात, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

दादा थोडे स्थिर झाल्यावर दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. एक जागतिक आरोग्य संघटनेची, दारूविषयी दहा प्रश्नांची; दुसरी आघातोत्तर ताणाविषयी, म्हणजे भीषण प्रसंगानंतर मनात राहून गेलेल्या त्रासाविषयी, वीस प्रश्नांची, जिच्यात गुण ० ते ८० असतात. दोन्ही कागद कन्नड आणि इंग्रजीत होते. परिचारिकेने प्रश्न मराठीत वाचून दाखवले खरे, परंतु ‘घटनेची आठवण होईल अशी ठिकाणे टाळता का’ यासारख्या प्रश्नाचे उत्तर दादांनी वहिनींसमोर, उभ्या उभ्या द्यावे लागणे योग्य नव्हते. सीमाभागात चालणाऱ्या केंद्राने मराठी प्रत छापून ठेवणे अवघड नाही.

या केंद्राचे खरे बलस्थान म्हणजे त्यांनी दारू सुटण्याची वाट पाहत आघातावरचा उपचार लांबणीवर टाकला नाही. आठवणी उकरल्या तर रुग्ण पुन्हा पिईल, ही धास्ती आम्हालाही होती आणि आम्ही ती बोलून दाखवली. त्यावर डॉक्टरांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाचा दाखला दिला. त्यात दोन्ही त्रास असलेले १६५ जण होते. काहींना नाल्ट्रेक्सोन हे ओढ कमी करणारे औषध, काहींना आठवणींना सामोरे जाण्याचा उपचार आणि काहींना दोन्ही दिले होते. औषधाने पिणे कमी झाले आणि आठवणींना सामोरे गेल्यामुळे पिणे वाढल्याचे दिसले नाही. केवळ ‘विश्वास ठेवा’ म्हणण्याऐवजी नातेवाइकांना असे आधार देऊन बोलणारे डॉक्टर मला फार मोलाचे वाटतात.

समुपदेशनाची बैठक सुमारे दीड तासाची असे. दादांनी डोळे मिटून अपघात वर्तमानकाळात, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा, त्याचे ध्वनिमुद्रण घरी रोज ऐकायचे आणि वहीत भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे. सोबतीला पायऱ्या ठरवल्या : आधी मोबाईलवर ट्रकचा हॉर्न ऐकणे, मग महामार्गाच्या कडेला उभे राहणे, नंतर थांबलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये बसणे आणि शेवटी एस.टी.त खिडकीजवळ बसून तवंदी घाट उतरणे. केबिनच्या पायरीसमोर सुरुवातीला ९० लिहिले होते. त्या पानावर खाली खाली जाताना आकडे ८५, ८५, ७०, पुन्हा ८०, मग ५५ असे उतरत गेलेले आहेत, आणि एका ओळीत आकड्याऐवजी ‘पोरगं दिसलं’ एवढेच आहे. त्या दिवशी समुपदेशकांनी पुढची पायरी घेतली नाही. क्लीनरच्या मृत्यूबद्दल दादांना वाटणाऱ्या अपराधभावावरच पूर्ण बैठक घालवली. ठरलेला क्रम सोडून माणसाकडे पाहण्याची ही तयारी मला सर्वांत अधिक भावली.

औषधांबाबतही सावधपणा दिसला. यकृताची तपासणी करूनच नाल्ट्रेक्सोनची ५० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. आघातासाठी सर्ट्रालिन हे नैराश्यावरही वापरले जाणारे औषध दिले. आम्ही झोपेच्या गोळ्या मागितल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्या नाकारल्या, कारण अशा रुग्णाला त्यांचीही सवय लागते आणि आघाताचा त्रास त्यांनी बरा होत नाही. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन हे मूळचे रक्तदाबाचे औषध रक्तदाब पाहत दिले, परंतु २०१८ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा विशेष लाभ दिसला नव्हता, हेही त्यांनी लपवले नाही. जेवणात गुपचूप पूड मिसळून दारू सोडवण्याच्या जाहिरातींना आमच्या भागात अनेक घरे बळी पडतात. त्या पुडीत डायसल्फिराम, म्हणजे दारूबरोबर शरीरात तीव्र प्रतिक्रिया घडवणारे औषध, असले आणि रुग्ण न कळत वर प्यायला, तर रक्तदाब कोसळून प्राण जाऊ शकतो. वहिनींना हे त्यांनी स्पष्ट बजावले.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. सफाईने मराठी बोलणारे समुपदेशक एकच आहेत. ते रजेवर गेले की दादांच्या बैठका थांबत. आठवणींचे काम मध्येच तुटले की रुग्ण पुन्हा टाळाटाळीकडे वळतो, आणि नेमक्या अशाच खंडात दादा एकदा प्यायले. केंद्राने त्यांना हाकलले नाही की पहिल्यापासून सुरुवात करायला लावली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु बदली समुपदेशक ठेवला असता तर ती वेळ कदाचित आली नसती. कुटुंबीयांची बैठक बहुतांशी कन्नडमध्ये होते, त्यामुळे चंदगडकडच्या आमच्या वहिनी तिथे नुसत्या बसून राहत. जेवण साधे आणि पुरेसे आहे. बिलात खाट, औषधे आणि समुपदेशन वेगवेगळे दाखवतात. आरोग्यविमा असल्यास ते बिल जपून ठेवावे, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मनोविकारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देणे बंधनकारक आहे, आणि दारूच्या सेवनाशी निगडित मनोविकार त्या कायद्याच्या व्याख्येत येतात.

दादा अजून ट्रक चालवत नाहीत. निपाणीला एका गोदामात हिशेबाचे काम पाहतात आणि औषधासाठी बेळगावला येताना घाटाचा रस्ता टाळत नाहीत. ज्यांना खासगी केंद्राचा खर्च झेपणार नाही त्यांनी धारवाडच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे डिम्हान्समध्ये, चौकशी करावी; घरबसल्या बोलण्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक विनाशुल्क आहेत. फोन उचलणाऱ्याला सुरुवातीलाच आपल्याला मराठीतून बोलायचे आहे असे सांगावे, आणि दारूबरोबरच अपघात, मारहाण, पूर किंवा सैन्यातला प्रसंग असे जे काही घडले असेल, तेही त्याच फोनवर सांगावे.