नेटवर्कमध्ये कॉम्प्युटर दिसत नाही: यादी दुरुस्त करायची की यादीशिवाय चालवायचं?

आमच्या ऑफिसात पाच कॉम्प्युटर. टॅलीचा डेटा त्यातल्या एकावर, बाकीचे तिथूनच उघडतात. दोन मशीनवर विंडोज नव्यानं टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘नेटवर्क’ उघडलं, तर डेटावालं मशीनच यादीतून गायब. सगळ्यांचं काम अडलेलं. मी विंडोज की आणि आर दाबून \\१९२.१६८.१.२० (म्हणजे त्या मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, आयपी) टाकलं, आणि फोल्डर सरळ उघडलं.

काहीही बदलण्याआधी तुम्हीही हे करून बघा. फाइली ४४५ नंबरच्या पोर्टवरून येतात, यादी मात्र वेगळ्याच व्यवस्थेतून बनते. फोल्डर उघडलं तर बिघाड फक्त यादीत आहे. नाहीच उघडलं तर आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ऐवजी ‘पब्लिक’वर आहे का, अँटिव्हायरसचा फायरवॉल आडवा येतोय का, कुणी गेस्ट वाय-फायला जोडलंय का, ते बघा. तोवर खालच्या तिन्ही उपायांचा उपयोग नाही.

पहिला उपाय म्हणजे एसएमबी-१, म्हणजे विंडोजची फाइल शेअर करायची जुनी पद्धत, पुन्हा चालू करणं. ओळखीचे लोक हाच आधी सांगतात. जुन्या पद्धतीत नेटवर्कवरचं एक मशीन ‘मास्टर ब्राउझर’ म्हणून निवडलं जायचं आणि तेच यादी सांभाळायचं. बाकीची मशीन साधारण दर १२ मिनिटांनी हजेरी लावायची, आणि तीन हजेऱ्या चुकल्यावरच नाव निघायचं. म्हणून बंद केलेला कॉम्प्युटर अर्धा तास उलटला तरी यादीत दिसायचा. ही यादी एसएमबी-१ वर टेकलेली होती. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस एसएमबी-१ मधल्या भोकातूनच पसरला, आणि त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून नव्यानं टाकलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी-१ आपोआप येत नाही. नुसतं नाव दिसावं म्हणून ते परत आणू नका. जुन्या झेरॉक्स मशीनला ‘स्कॅन टू फोल्डर’साठी तेच लागत असेल, तर स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या.

दुसरा उपाय डब्ल्यूएस-डिस्कव्हरीचा. यात प्रत्येक मशीन नेटवर्कवर हाक देऊन ‘मी इथे आहे’ असं सांगतं, आणि आजची यादी त्यावरच चालते. सर्व्हिसेसमध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ शोधा, ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ करा आणि सुरू करा. इथे बहुतेकांची चूक होते: ज्या मशीनवरून शोधताय तिथे नव्हे, जे दिसत नाहीये तिथे जाऊन ही सर्व्हिस चालू करायची. मी स्वतः पहिल्यांदा चुकीच्याच टेबलावर बसून तासभर घालवला. लिनक्सच्या सांबा सर्व्हरला (लिनक्सवरून विंडोजला फाइली देणारा) हे आपणहून जमत नाही, त्यावर डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्रॅम टाकावा लागतो. आणि मधे दुसरा राउटर असेल तर ही हाक पलीकडे जात नाही. आतल्या केबिनमध्ये वाय-फायसाठी वेगळा राउटर लावलेला असतो, तिथे हेच होतं. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता फक्त वाय-फाय देईल.

तिसरा उपाय मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण त्यात यादीची गरजच उरत नाही. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (मशीनना पत्ते वाटणारी सोय) डेटावाल्या मशीनचा पत्ता राखून ठेवा, म्हणजेच रिझर्व्ह करा, आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर त्याच पत्त्यानं ड्राइव्ह मॅप करा, म्हणजे ते फोल्डर एखाद्या अक्षराच्या ड्राइव्हसारखं दिसेल; आमच्याकडे ते अक्षर टी. मेहनत हातानं करायची आहे, नवा लॅपटॉप आला की पुन्हा. नेटवर्क कार्ड बदललं तर रिझर्वेशनही बदलायचं. पण रोजच्या कामाचं फोल्डर एकच असेल तर ही मेहनत प्रत्येक मशीनवर एकदाचीच.

घरी दोन-तीन लॅपटॉप असतील आणि अधूनमधून फोटो इकडून तिकडे करायचे असतील तर दुसरा उपाय पुरे. जिथे बिलं निघतात, जीएसटीची तारीख पाळायची असते, तिथे तिसराच करा, आणि सोबत दुसराही. आम्ही दोन्ही केले. यादीत एखादं मशीन अजूनही उशिरा उगवतं, पण टी ड्राइव्ह मशीन चालू केल्या केल्या समोर असतो.