जुन्या सी-१० मध्ये ५.३ लिटरचे इंजिन: तयार हार्नेसचा अनुभव

माझ्या १९७२ च्या शेव्हरले सी-१० पिकअपमध्ये मी शेव्हरलेच्याच २००४ च्या सिल्व्हराडो पिकअपचे ५.३ लिटर व्ही-८ इंजिन बसवले, आणि सिल्व्हराडोच्या मूळ वायरिंगमधून नको त्या वायरी काढत बसण्यापेक्षा तयार हार्नेस, म्हणजे इंजिन, त्याचा संगणक आणि गाडी यांना जोडणारा वायरींचा जुडगा, विकत घेतला. आता हिवाळा सोडून उरलेल्या महिन्यांत मी डेट्रॉइटच्या आसपास ही गाडी रोज चालवतो.

हार्नेसची इंजिनाकडची बाजू मनापासून कौतुक करावे अशी आहे. प्रत्येक वायरच्या टोकाशी नाव छापलेले आहे, इंधन फवारणाऱ्या आठही इंजेक्टरांचे कनेक्टर ओढाताण न होता बसतात, आणि स्टार्टरच्या मागे दडलेल्या क्रँक सेन्सरची (इंजिनाच्या मुख्य दांड्याचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरची) वायर एग्झॉस्टपासून लांबून वळवून नेता येईल एवढी ऐसपैस आहे. चोरीरोधक कुलूप इंजिनाच्या संगणकातून काढून घ्यावे लागते आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, विजेवर चालणारी झडप) असल्यास पेडल, त्याचे मॉड्यूल व संगणक एकमेकांशी जुळणारेच लागतात, हे दोन्ही मुद्दे सोबतच्या पुस्तिकेत नीट दिले आहेत.

माझी तक्रार आहे ती गाडीकडच्या बाजूविषयी. संगणकाला वीज देणारी गुलाबी वायर कुठे जोडायची याबद्दल पुस्तिका फक्त ‘चावीवरचे १२ व्होल्ट’ एवढेच सांगते. मी ती जुन्या फ्यूज बॉक्समधल्या रेडिओच्या जागी जोडली. चावी लावताच इंधनाचा पंप दोन सेकंद गुणगुणायचा, स्टार्टर जोरात फिरायचा, पण इंजिन काही पेट घेत नसे. दोन संध्याकाळी मी इंधनाचा दाब तपासण्यात घालवल्या. तो लागतो तसा ५८ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) होता. शेवटी व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टिमीटरची टोके फ्यूजवर धरून मी पत्नीला चावी फिरवायला सांगितले, तेव्हा स्टार्टर फिरू लागताच १२ चा आकडा थेट शून्यावर आला. रेडिओची ती जागा स्टार्टर फिरत असताना बंद पडते, त्यामुळे नेमक्या गरजेच्या क्षणी संगणकाला वीज मिळत नव्हती. जुन्या इग्निशन कॉइलची वायरही इथे उपयोगाची नाही, कारण तिच्यात मुद्दाम रोध ठेवलेला असतो आणि व्होल्टेज कमी मिळते. मी चावीच्या स्विचवरून, चालू आणि स्टार्ट या दोन्ही स्थितींत जिवंत राहणारी वायर घेऊन तिने रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) चालवला, त्यातून गुलाबी वायरला वीज दिली, आणि पहिल्याच फेरीत इंजिन सुरू झाले.

अर्थिंगबाबतही पुस्तिका तोकडी पडते. इथल्या रस्त्यांवर पडणाऱ्या मिठाने पन्नास वर्षे खाल्लेल्या चासीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून मी सिलिंडर हेडच्या मागच्या बाजूपासून बॅटरीपर्यंत वेगळी जाड वायर ओढली.

वायरची प्रत आणि जोडणीची सफाई पाहता हा हार्नेस मी पुन्हा घेईन, पण ज्याला मल्टिमीटर हाताळता येत नाही त्याने तो एकट्याने बसवायला घेऊ नये. फ्यूज बॉक्सचे छायाचित्र विक्रेत्याला पाठवून, पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत गुलाबी वायरची जागा स्पष्ट लिहावी अशी विनंती मी केली आहे.